रेतीतले सोने ओळखावे कसे : पूर्व विदर्भातील छंदी संग्राहकांसाठी

नैसर्गिक सोन्याचा संग्रह करावा असे ज्यांना वाटते, ते बहुधा पहिला प्रश्न जागेचा विचारतात : सोने कोणत्या नदीत आहे, कोणत्या गावाच्या शिवारात आहे? हा प्रश्न स्वाभाविक असला तरी त्याचा क्रम दुसरा लागतो. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या रेतीघाटावर दुपारच्या उन्हात उभे राहिले की पायाखाली असंख्य पिवळे कण चमकताना दिसतात आणि त्यांतला एकही बहुधा सोन्याचा नसतो. ज्याला हे कण एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत त्याला नेमकी जागा सांगूनही उपयोग होत नाही. ज्याला ते करता येतात त्याला घरासमोर टाकलेल्या रेतीच्या ढिगातही शिकण्यासारखे बरेच काही मिळते. म्हणून येथे ओळखीला जास्त जागा दिली आहे आणि शोधाला त्यामानाने कमी.

प्रथम अपेक्षा रास्त करून घ्यावी. विदर्भाच्या भूगर्भाचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. बुलढाणा, अकोला, अमरावती, वर्धा आणि यवतमाळ या जिल्ह्यांचा बहुतांश भाग लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणाचा आहे. तेथील नाल्यांत गारगोटी, अकीक आणि झिओलाइट मिळतात, परंतु सोने शोधण्यात वेळ घालवू नये. नागपूरच्या आसपास हा काळा पाषाण संपतो आणि पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूरच्या काही भागांत अतिप्राचीन नाइस, शिस्ट आणि फिलाइट हे खडक उघडे पडतात. भूवैज्ञानिक ज्यांना साकोली गटाचे खडक म्हणतात, त्यांतील गारगोटीच्या शिरांमध्ये काही ठिकाणी सोने आढळले आहे. नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय भागातील पुलर-परसोडी परिसराची अशी नोंद भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने केलेली आहे. मात्र अशा शिरांतले सोने अतिशय बारीक असते. शिरा झिजून नाल्यात उतरणारे कण मोहरीच्या दाण्याहून पुष्कळ लहान आणि पापुद्र्यासारखे चपटे असतात. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात १८६९ मध्ये ‘वेलकम स्ट्रेंजर’ नावाने प्रसिद्ध झालेला सुमारे ७२ किलोचा खडा सापडला, तशी भूमी आपली नव्हे. आपल्याकडचा संग्राहक कण शोधतो. खडा त्याला बहुधा विकत घ्यावा लागतो. दोहोंची ओळख पटवण्याच्या रीती वेगवेगळ्या असल्याने दोन्ही पुढे दिल्या आहेत.

कण कसा पारखावा

पूर्व विदर्भात सर्वाधिक फसवणारी वस्तू म्हणजे अभ्रक. नाइस खडकातले काळे अभ्रक उन्हापावसाने कुजते तेव्हा त्याचा रंग तपकिरी आणि मग चक्क सोनेरी होतो आणि त्याचे पापुद्रे रेतीत सर्वत्र मिसळतात. हातात घेऊन पाहिले तर ते सोन्याहूनही अधिक चमकते, आणि शंका घेण्याचे पहिले कारण नेमके हेच आहे. असा एक पापुद्रा पांढऱ्या बशीत ठेवून दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली शिवणाच्या सुईने दाबावा. अभ्रक असेल तर तो चिरतो, त्याचे आणखी पातळ पदर सुटे होतात आणि टोकाने उचलले तर ते वाऱ्याने उडतात. सोने असेल तर सुईचे टोक त्यात रुतते, तेथे खळगा पडतो आणि कण वाकतो, तुटत नाही. बशीत थोडे पाणी घालून हलवले की फरक आणखी स्पष्ट होतो : अभ्रक तरंगत, गिरक्या घेत कडेला जाते, तर सोन्याचा कण जागचा हलत नाही आणि हलला तरी तळाशी चिकटून घसरतो.

यामागचे कारण घनता हे आहे. पाण्याची घनता १ धरली तर शुद्ध सोन्याची घनता १९.३ आहे, निसर्गातल्या सोन्यात चांदी मिसळलेली असल्याने ती साधारण १५ ते १९ यांच्या दरम्यान राहते. गारगोटीची घनता २.६५, अभ्रकाची सुमारे ३, पायराइटची (लोह व गंधकाच्या पितळी रंगाच्या खनिजाची) ५ आणि चुंबकाला चिकटणाऱ्या काळ्या लोहरेतीची सुमारे ५.२ असते. म्हणजे रेतीतल्या इतर कोणत्याही सामान्य कणापेक्षा सोने तिप्पट ते सातपट जड असते, आणि रेती धुण्याची सगळी कला या एका फरकावर उभी आहे.

पायराइट आणि चाल्कोपायराइट (तांबे असलेले तसेच खनिज) ही दुसरी जोडी. पायराइट फिकट पितळी रंगाचे, कडक आणि बहुधा चौकोनी कडांचे असते. तो कण बोटांत फिरवला तर एका बाजूने झळकतो आणि दुसऱ्या बाजूने काळवंडतो. सोने मात्र कोणत्याही बाजूने, उन्हात काय आणि सावलीत काय, सारखेच पिवळे दिसते. स्वतःच्या शरीराची सावली कणावर पाडून पाहण्याची सवय लावून घ्यावी, कारण सावलीत जो पिवळा राहत नाही तो बाजूला ठेवता येतो. चाल्कोपायराइटचा रंग सोन्याच्या अधिक जवळ जातो, परंतु त्यावर जांभळट-निळी झाक येते. दोन्हींची खात्री रेघेने करता येते : टाइलच्या मागची खरखरीत, झिलई नसलेली बाजू घेऊन तिच्यावर दाणा घासला तर पायराइट व चाल्कोपायराइट हिरवट काळी रेघ सोडतात आणि सोने पिवळी, धातूची रेघ सोडते. दाणा वाया गेला तरी चालण्यासारखा असेल तर ऐरणीवर ठेवून हलका हातोडा मारावा. पायराइटचा भुगा होतो, सोने पसरते.

नदीकाठी आणखी एका प्रकारची चमक आढळते आणि ती पूर्णपणे माणसाची असते. विसर्जनाच्या घाटाखाली मूर्तींवरची चमकी, बेगड आणि पितळेचा चुरा वर्षानुवर्षे साचतो. चमकी सुईने टोचल्यावर प्लॅस्टिकसारखी ताणली जाते आणि तिचे तुकडे एकाच मापाचे असतात. पितळेचा चुरा कातलेल्या केसासारखा वळलेला असतो व त्यावर हिरवट पुटे चढतात. स्मशानघाटाजवळ खरे सोनेही मिळू शकते, कारण मृताच्या मुखात सोन्याचा कण ठेवण्याची रीत आपल्याकडे आहे. ते सोने निसर्गाचे नव्हे आणि छंदासाठी ते शोधणे कोणालाही शोभत नाही; घाटाच्या खालच्या अंगाची रेती धुण्यासाठी घेऊच नये.

कण खरा ठरला की त्याचा आकार वाचावा. कडा टोकदार, पृष्ठभाग खडबडीत आणि कोपऱ्यात गारगोटीचा पांढरा अंश अडकलेला असेल तर मूळ शीर फार लांब नाही. कडा गोल, अंग चपटे आणि गुळगुळीत असेल तर कण दूरवरून वाहत आलेला आहे. संग्राहकाच्या दृष्टीने पहिल्या प्रकारचा लहानसा कणही दुसऱ्या प्रकारच्या मोठ्या कणापेक्षा अधिक बोलका असतो.

परातीवर हात बसवणे

नदीवर जाण्याआधी घरी शिकावे, असा माझा आग्रह आहे. घरबांधणीसाठी रॉयल्टी भरून, वाहतूक परवान्यासह आणलेली रेती गावोगाव अंगणात पडलेली असते; ती सिमेंटमध्ये जाण्यापूर्वी मालकाच्या परवानगीने दोन-चार घमेली धुऊन पाहावीत आणि धुतलेली रेती पुन्हा ढिगावर टाकावी. यात कोणाचे नुकसान होत नाही, नियमभंग होत नाही आणि वैनगंगा, कन्हान किंवा बावनथडीच्या रेतीत कोणती खनिजे असतात हे पाहायला मिळते. काळी लोहरेती आणि तांबूस गार्नेट हातात आले की आपण जड भाग राखू शकतो हे सिद्ध होते, मग त्यात सोने असो वा नसो.

परात पसरट, तिरप्या काठाची आणि शक्यतो गडद रंगाची असावी. चकचकीत स्टीलवर आणि पितळी परातीवर पिवळा कण दिसत नाही. तिला तेलाचा अंश राहता कामा नये, कारण तेलकट पृष्ठभागावर सोन्याचे सूक्ष्म पापुद्रे ओले होत नाहीत आणि पाण्यावर तरंगून निघून जातात. म्हणून भांडी घासण्याच्या साबणाने परात स्वच्छ घासावी आणि पाण्यातही त्याचे एक-दोन थेंब टाकावेत. रेती बारीक चाळणीने चाळून घ्यावी, वर उरलेले गोटे एकदा नजरेखालून घालावेत आणि चाळलेली रेती अर्धी परात भरेल इतकीच घ्यावी.

आता परात पाण्याच्या टबात बुडवून आधी हाताने चिखलाचे गोळे पूर्ण मोडावेत, कारण चिकणमाती कण धरून ठेवते आणि न फुटलेला गोळा सोने घेऊन बाहेर जातो. मग परात पाण्याखालीच सपाट धरून डावीकडे-उजवीकडे जोराने हलवावी. नवशिक्या येथे कंटाळतो. परंतु जड कण तळाशी जाण्याचे काम याच हालचालीत होते, पुढचे ओतणे म्हणजे केवळ वरचा थर काढून टाकणे असते. पुरेसे हलवून झाल्यावर परात पुढे किंचित कलती करून पाण्यात बुडवावी व उचलावी, म्हणजे वरची पांढरी रेती काठावरून सरकून जाते. दोन-तीनदा ओतले की पुन्हा सपाट धरून हलवावे, पुन्हा ओतावे. शेवटी चमचाभर काळी रेती उरते तेव्हा घाई पूर्ण थांबवावी, वाटीभर स्वच्छ पाणी घेऊन परात हळूहळू गोल फिरवावी, म्हणजे काळी रेती शेपटीसारखी लांब पसरते आणि सोने असल्यास त्या शेपटीच्या अगदी मागच्या टोकाला, इतर सगळे पुढे गेल्यावर एकटे उरते.

काळी रेती वाळवून लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिच्यावरून फिरवावा; पिशवी उलटी केली की चिकटलेली लोहरेती सहज सुटते. सगळीच काळी रेती चुंबकाला धावून येत नाही. इल्मेनाइट (लोह व टायटॅनियमचे काळे खनिज) आणि गार्नेटचा भाग मागे राहतो, तो भिंगाखाली सुईने निवडावा. कण उचलायला ओल्या बारीक ब्रशचे टोक पुरते.

हात बसला की नाही हे तपासण्याची एक खात्रीची युक्ती आहे. मासेमारीच्या जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळीचे बारीक तुकडे करून, चपटे करून, त्यांतले दहा तुकडे मोजून एका परातीच्या रेतीत मिसळावेत आणि धुवावेत. शिशाची घनता ११.३, म्हणजे सोन्यापेक्षा बरीच कमी आहे. त्यामुळे दहाचे दहा तुकडे दर वेळी परत मिळू लागले की सोने आपल्या हातून निसटणार नाही असे समजावे. नंतर हात साबणाने धुवावेत आणि ही परात पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

नाला वाचणे

सोने पाण्याबरोबर धावत नाही. पुरात ते ढकलले जाते आणि पाण्याचा जोर जेथे कमी होतो तेथे ते सर्वांत आधी बसते. त्यामुळे वळणाच्या आतल्या अंगाला, पात्रातल्या मोठ्या धोंड्याच्या खालच्या बाजूला, उतार संपून नाला पसरतो त्या ठिकाणी आणि काठावरच्या झाडांच्या पाण्यात उतरलेल्या मुळ्यांत पाहावे. त्यातही वरच्या कोरड्या, भुसभुशीत रेतीत काही नसते. जड कण रेतीतून खाली खाली सरकत कातळावर जाऊन थांबतात, म्हणून जेथे कातळ उघडा पडला आहे अशी जागा निवडावी.

साकोली भागातल्या फिलाइट आणि शिस्ट या खडकांचा येथे मोठा फायदा होतो. त्यांचे पापुद्रे अनेक ठिकाणी जवळजवळ उभे असतात आणि नाला त्यांना आडवा छेदून जात असेल तर कातळावर कंगव्यासारख्या समांतर भेगा तयार होतात. अशा भेगेत अडकलेला घट्ट मुरूम जुन्या चमच्याने आणि वाकवलेल्या तारेने खरवडून, उरलेला गाळ ब्रशने गोळा केला, तर वाटीभर मालातूनही नाल्याचा खरा कस कळतो. फावड्याने खड्डे पाडण्यापेक्षा ही रीत अधिक फलदायी आहे आणि नाल्याचेही काही बिघडत नाही.

मेटल डिटेक्टरविषयी पुष्कळ विचारणा होते. आपल्याकडच्या कणांचे आकारमान पाहता तो निरुपयोगी ठरतो. लाल मुरमातले लोहयुक्त खडे त्याला सतत खोटे इशारे देतात आणि तो घेऊन शिवारात फिरणाऱ्याकडे गुप्तधन शोधणारा म्हणून पाहिले जाते, हे वेगळेच.

योग्य काळ दिवाळीपासून होळीपर्यंतचा. पुराने नवा माल आणून टाकलेला असतो, पाणी निवळलेले असते आणि कातळ उघडे पडू लागतात. पावसाळ्यात पात्रात उतरू नये आणि गोसीखुर्द धरणाच्या खालच्या बाजूला विसर्गाची सूचना पाहिल्याशिवाय कधीच उतरू नये. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या पट्ट्यात वाघाचा वावर गावाच्या वेशीपर्यंत असतो. वाकून, पाठ जंगलाकडे करून तास न् तास नाल्यात बसणे हे तेथे जिवावर बेतू शकते. एकट्याने जाऊ नये, सकाळी लवकर व सायंकाळी जाऊ नये आणि गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय नाल्याची वाट धरू नये.

परवानगीचा प्रश्न

हा भाग वगळण्याचा मोह अनेकांना होतो, म्हणून स्पष्ट लिहितो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे खनिजांवरील हक्क शासनाकडे आहे, आणि खाणी व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ नुसार परवान्याविना खनिजाचा शोध घेणे किंवा उत्खनन करणे यास मनाई आहे. छंद म्हणून सोने धुणाऱ्यासाठी या कायद्यात स्वतंत्र सवलत दिलेली नाही. शेतमालकाने होकार दिला तरी तो केवळ त्याच्या जमिनीत पाऊल ठेवण्यापुरता असतो. त्यामुळे नाल्यावर काम करायचे असेल तर आधी तहसील कार्यालयात आणि जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडे लेखी विचारणा करावी; गडचिरोलीसारख्या अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेलाही विचारावे. राखीव वनात भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार माती, दगड आणि खनिजे हीसुद्धा वनोपज ठरतात. नवेगाव-नागझिरा, ताडोबा-अंधारी, पेंच आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला येथे परात घेऊन जाण्याचा विचारही करू नये. जमिनीत पुरलेले दागिने किंवा नाणी सापडली तर तो विषय भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ खाली येतो आणि दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

पूर्वी मध्य प्रांतात नद्यांची रेती धुऊन पोट भरणारे सोनझरा लोक होते, आणि सोनाराच्या दुकानातली राख व केर धुऊन सोने काढणारे झारेकरी आजही सराफ्याला परिचित आहेत. त्यांच्यापैकी कोणी वयस्क माणूस भेटला तर त्याच्याशेजारी बसून त्याचे हात पाहावेत. परात कलती करण्याचे नेमके माप लिहून सांगता येत नाही.

विकत घेतलेला खडा

परदेशी खडे आता संग्राहकांना व्यापाऱ्यांकडून मिळू शकतात. त्यांची पारख कणापेक्षा सोपी आहे, कारण वजन हाताशी असते. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्यावा आणि खडा आधी कोरडा मोजावा. मग काट्यावर पाण्याने भरलेली वाटी ठेवून काटा शून्यावर आणावा आणि खडा दोऱ्याने टांगून, तळाला व कडेला न लागता, पाण्यात पूर्ण बुडवावा. त्या वेळी दिसणारा आकडा म्हणजे खड्याचे घनसेंटिमीटरमधले आकारमान. कोरडे वजन ६.२० ग्रॅम आणि पाण्यातला आकडा ०.४० असेल तर भागाकार १५.५ येतो, आणि तो नैसर्गिक सोन्याच्या मर्यादेत बसतो. भागाकार ८.५ च्या आसपास आला तर पितळ, ११ च्या आसपास आला तर मुलामा दिलेले शिसे असण्याचा संभव मोठा.

खड्यात गारगोटी दिसत असेल तर घनता कमी येणारच. तेव्हा सोन्याची घनता १७.५ धरून पुढील हिशेब करावा : आकारमानाला २.६५ ने गुणून येणारी संख्या कोरड्या वजनातून वजा करावी आणि बाकीला १.१८ ने गुणावे. १० ग्रॅम वजनाच्या व १.२ घनसेंटिमीटर आकारमानाच्या खड्यात या हिशेबाने सुमारे ८ ग्रॅम सोने निघते. टंगस्टनची घनता सोन्याइतकीच, १९.३ असल्याने केवळ या चाचणीवर मोठी रक्कम देऊ नये.

वितळलेले दागिन्याचे सोने पाण्यात टाकून बनवलेले खडेही बाजारात येतात. ते खरे सोने असते, पण नैसर्गिक खडा नसतो. भिंगाखाली त्यांच्या अंगावर बुडबुड्यांची गोल छिद्रे व गोठलेल्या थेंबाची चमक दिसते. नैसर्गिक खड्याच्या खोबणींत लालसर माती, गंज आणि गारगोटी खोलवर बसलेली असते आणि उंच भाग झिजून गुळगुळीत झालेला असतो. ज्या सराफाकडे एक्स-रे फ्लुओरेसन्सचे (क्ष-किरणांनी धातूंचे प्रमाण दाखवणारे) यंत्र आहे त्याच्याकडे खडा तपासून घ्यावा : जस्त किंवा कॅडमियम दिसले, अथवा सोने नेमके ९१.६ टक्के (म्हणजे २२ कॅरेट) आणि उरलेले बहुतांश तांबे निघाले, तर तो दागिन्याचाच माल समजावा. “खोदकामात हंडा सापडला, स्वस्तात देतो” असे सांगत येणाऱ्या माणसाकडून तर काहीही तपासायला घेण्याची गरज नाही.

पाऱ्याने सोने धरणे आणि नायट्रिक आम्लात ते धुणे या दोन्ही गोष्टी घरी कदापि करू नयेत. पाऱ्याची वाफ मज्जासंस्थेला कायमची इजा करते, आणि संग्राहकाला या रीतीची गरजही नसते, कारण त्याला सोने एकत्र वितळवायचे नसून प्रत्येक कण जसा मिळाला तसा राखायचा असतो. खड्यावरचा गंजाचा लाल डाग आणि अडकलेली गारगोटी काढू नये. नैसर्गिकपणाचा तोच पुरावा आहे. कण काचेच्या लहान कुपीत थोड्या पाण्यासह ठेवावेत आणि कुपीवरच्या कागदी पट्टीवर नदी किंवा नाला, गाव, तालुका, तारीख, रेती कातळावरची की भेगेतली, आणि परवानगी कोणाची होती एवढा मजकूर पेन्सिलीने लिहावा, कारण शाईचा मजकूर ओलाव्याने जातो.